चौकटीत कोण आहे ते सोडा, प्रकाश कोणासाठी लावला ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वंशभेद, स्त्रीवाद, माध्यमांतलं प्रतिनिधित्व हे शब्द सतत कानावर पडतात, पण कॅमेरा हे तर यंत्र. समोर जे असेल ते टिपणार. मग त्यात भेदभाव शिरतो कुठून? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: तुम्ही संपादित करत असलेल्या विशेषांकाच्या मुखपृष्ठावर वेगवेगळ्या वर्णांच्या बायका घेतल्या की पुरे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. पुरे नाही. चेहऱ्यांवर प्रकाश लावणं हेच माझं काम. एखादं पोस्टर किंवा मालिकेतला प्रसंग समोर आला की मी डोकी मोजत बसत नाही. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते माप, कोणाच्या चेहऱ्यावर बेतलंय ते बघते. चौघींच्या घोळक्यात तिघींचे चेहरे स्वच्छ आणि चौथीचे नुसते डोळे न् दात दिसत असतील, तर चौथी तिथे हजर आहे एवढंच; ते दृश्य तिच्यासाठी रचलेलं नाही. सेटवर तर हे फार लवकर कळतं. लाइट लावताना कोणाला उभं केलं होतं, आणि कोण नंतर येऊन त्या तयार प्रकाशात उभी राहिली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

आता यंत्राकडे वळू. गडद त्वचा कमी प्रकाश परावर्तित करते, हे भौतिकशास्त्र आहे. त्यात कोणाचा दोष नाही. फिल्मला एका वेळी उजेड-अंधाराची ठरावीक मजलच पेलते, हेही खरं. पण त्या मर्यादित पट्ट्यात बारकावे कुठल्या टोकाला जपायचे, हे माणसं ठरवतात. रंगीत फिल्मच्या बाबतीत ते कसं ठरलं याचा इतिहास उपलब्ध आहे.

१९५४ पर्यंत अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत फिल्मच्या किमतीतच धुलाईचे पैसे धरत असे, म्हणजे फिल्म धुवायला पुन्हा कंपनीकडेच जायची. मक्तेदारीविरोधी कारवाईनंतर हे बंद करावं लागलं आणि स्वतंत्र लॅब उभ्या राहिल्या. या लॅबना आपापली यंत्रं जुळवण्यासाठी एक समान नमुना हवा होता. कोडॅकने तो पुरवला: एका गोऱ्या तरुणीचं छायाचित्र, शेजारी रंगांच्या पट्ट्या. पहिली मॉडेल कोडॅकचीच कर्मचारी होती, नाव शर्ली. पुढे कार्डावरच्या बायका बदलत गेल्या, तरी धंद्यात त्याला ‘शर्ली कार्ड’च म्हणत राहिले. लॅबमधला माणूस शर्लीची त्वचा ठीक उमटेपर्यंत यंत्राची बटणं फिरवायचा. ती ठीक आली की यंत्र ठीक. मग त्याच यंत्रातून जगभरच्या लोकांची लग्नं, बाळं, शाळेतले गटफोटो बाहेर पडायचे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या एकत्र फोटोत एक मूल नीट यायचं आणि दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग.

लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक. कोडॅकच्या जुन्या माणसांशी बोलून त्यांनी हा इतिहास मांडला. त्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो तक्रारींचा भाग. गडद रंगांकडे कंपनीने गांभीर्याने पाहावं म्हणून ज्यांच्या तक्रारींना वजन आलं, त्यांत चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्या होत्या. जाहिरातीत गडद चॉकलेट आणि साधं चॉकलेट वेगळं कळत नव्हतं, निरनिराळ्या लाकडांचे रेषे दिसत नव्हते. कृष्णवर्णीय आया आपल्या मुलांच्या फोटोंवर नाराज असणारच, पण गिऱ्हाईक म्हणून त्यांचा शब्द तेवढा जड नव्हता. पुढे सुधारलेली फिल्म आली, तेव्हा कमी उजेडातल्या काळ्या घोड्याचेही बारकावे टिपणारी अशी तिची ख्याती सांगितली गेली. घोड्याचे! १९९० च्या दशकात कार्डावर वेगवेगळ्या वर्णांच्या बायका आल्या. तोवर डिजिटल युग दाराशी येऊन ठेपलं होतं.

शर्लीबद्दल बोलताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मापपट्टी म्हणून निवडली ती बाईच. तरुण, नटवलेली, हसरी. तिच्याकडे टक लावून यंत्र जुळवणारे बहुतेक पुरुष. म्हणजे गोऱ्या बाईला मान मिळाला आणि काळ्या बाईला नाही, इतकं ते सरळ नाही. गोऱ्या बाईला वस्तू केलं, आणि काळ्या बाईला वस्तू म्हणूनही मोजलं नाही. स्त्रीवादाची चर्चा पहिल्या अर्ध्यावर थांबते तेव्हा मी अस्वस्थ होते.

हाच पेच कायद्याच्या भाषेत अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडला. त्यांनी आधार घेतला होता १९७६ च्या एका निकालाचा. जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायालयात गेल्या होत्या. १९६४ पूर्वी त्या कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली आणि ज्येष्ठतेनुसार कपात झाली. साहजिकच उशिरा घेतलेल्या या बायका आधी घरी गेल्या. न्यायालयाने म्हटलं, कंपनीने बायकांना तर नोकरी दिली आहे, मग लिंगभेद कसला? त्या बायका गोऱ्या होत्या. कृष्णवर्णीयांनाही दिली आहे म्हणाल, तर ते पुरुष होते. दोन्ही कारणं एकत्र करून दाद मागायला न्यायालयाने नकार दिला. फोटोनिवडीत मी हे अनेकदा पाहते. ‘स्त्रिया’ या विषयासाठी गोरी बाई निवडली जाते, ‘वंशभेद’ या विषयासाठी काळा पुरुष, आणि दोन्ही अंक निघाले तरी काळी बाई कुठेच नसते. तुमचा विशेषांक दोन्ही विषयांवर आहे म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता थोडं धंद्याचं. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर समोरचं सगळं सरासरीने मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढऱ्या भिंतीपुढे गडद वर्णाची बाई उभी केली की मीटर भिंतीला घाबरून एक्स्पोजर उतरवतं आणि चेहरा अंधारात जातो. उलट नुसता चेहरा चौकटभर घेतला, तर मीटर त्यालाही राखाडी करायला बघतं. चेहरा फिकट, धुतल्यासारखा येतो. दोन्ही वेळा दोष मीटरवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याचा. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजा, तिथून परत येणारा मोजू नका, म्हणजे निम्मं काम झालं. व्हिडिओ कॅमेऱ्यात झेब्रा नावाचे पट्टे येतात; आपण ठरवलेल्या टक्क्याइतका उजेड जिथे असेल तिथे ते उमटतात. ते सत्तरवर ठेवायचे आणि चेहऱ्यावर दिसले की एक्स्पोजर बरोबर, हा ढोबळ नियम पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. तो गोऱ्या त्वचेचा नियम. शिकवताना ते विशेषण गळून पडलं आणि राहिला फक्त ‘चेहरा’. गडद त्वचा त्या पातळीला ओढली की ती तिची राहत नाही. ती बरीच खाली ठेवावी लागते, आणि तिथेच तिची खरी खोली दिसते.

गडद चेहऱ्याचा आकार प्रामुख्याने चमकेतून घडतो. गालाच्या हाडावरची, कपाळावरची, नाकाच्या कडेची लकाकी म्हणजेच त्याचं रेखाटन. त्यासाठी मोठा, मऊ स्रोत बाजूने आणावा. थर्माकोलवरून किंवा पांढऱ्या कापडावरून परतवलेला प्रकाश त्वचेवर सरकत जाऊ द्यावा. आणि सेटवर काय होतं? मेकअपवाला पावडरचा पफ घेऊन धावत येतो आणि सगळी चमक मारून टाकतो, कारण ‘शाइन’ वाईट असं त्याला शिकवलेलं असतं. मग चेहरा सपाट दिसतो म्हणून समोरून आणखी एक लाइट येतो, आणि तो जास्तच सपाट होतो. अमेरिकन छायालेखिका एव्हा बर्कॉफ्स्की यांनी एका मालिकेच्या निमित्ताने हेच जाहीरपणे सांगितलं होतं: त्वचा ओलसर, चमकती ठेवा आणि प्रकाश परतवून घ्या. ही काही गुप्त विद्या नव्हे. शाळांतून ती मुख्य धड्यात नव्हती, इतकंच.

एकाच चौकटीत गोरा आणि गडद असे दोन चेहरे असले की खरी परीक्षा. युनिटची पहिली प्रतिक्रिया असते, गडद चेहऱ्यावर लाइट वाढवा. माझा कल उलटा. गोऱ्या चेहऱ्यावरचा प्रकाश जाळीने कापा, आणि गडद चेहऱ्याला मुख्य लाइटच्या जवळ बसवा. याला दहा मिनिटं जास्त लागतात. दिग्दर्शक घड्याळ बघतो, निर्मात्याचा माणूस सुस्कारा सोडतो. प्रतिनिधित्वावरच्या सगळ्या परिसंवादांचं मोजमाप मी या दहा मिनिटांत करते. ती दिली जातात की नाही?

मेकअपच्या खोलीची गोष्ट वेगळी नाही. कृष्णवर्णीय अभिनेत्री आणि मॉडेल स्वतःचं फाउंडेशन पिशवीत घेऊन कामावर येतात, कारण पेटीत त्यांची छटा असेलच याची खात्री नसते. चुकीच्या छटेने चेहरा राख फासल्यासारखा होतो. २०१७ मध्ये रिहानाच्या फेंटी ब्यूटीने एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या आणि गडद टोकाच्या छटा हातोहात खपल्या, तेव्हा बाकीच्यांना त्या गिऱ्हाइकाचा शोध लागला. केसांचं तर कायद्यापर्यंत गेलं. कुरळे केस, वेण्या, जटा यांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. अमेरिकेतलं ते पहिलं राज्य. ‘नीटनेटके केस’ म्हणजे कोणाचे केस, असा तो वाद होता. डोक्यावर आपोआप उगवणाऱ्या गोष्टीसाठी कायदा लागतो हे वाचून हसू येत असेल, तर ज्यांना रोज सकाळी तास-तासभर ते केस सरळ करावे लागले त्यांना विचारा.

चित्रपटांबद्दल लोक भरभरून बोलतात, म्हणून मी थोडक्यात आटोपते. हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० मध्ये ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या रात्री हॉटेलात त्यांना इतरांपासून दूर, भिंतीकडेच्या टेबलावर बसवलं होतं. भूमिका मोलकरणीची. कृष्णवर्णीय अभिनेत्रीला पुढचं ऑस्कर मिळालं ते एक्कावन्न वर्षांनी, व्हूपी गोल्डबर्ग यांना. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या ॲना मे वाँग यांची कथा आणखी विचित्र. १९३७ मध्ये चिनी शेतकरी कुटुंबावरचा मोठा चित्रपट आला. नायक गोऱ्या नटाला दिला होता. भिन्नवंशीय प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला त्या काळच्या सेन्सॉर संहितेची हरकत, म्हणून नायिकाही गोरीच हवी. चिनी वंशाच्या सर्वांत प्रसिद्ध अभिनेत्रीला चिनी स्त्रीची भूमिका मिळाली नाही, आणि ज्या गोऱ्या अभिनेत्रीने ती केली तिला ऑस्कर मिळालं. गोऱ्या अभिनेत्रीने ती चांगली केली नाही असं माझं म्हणणं नाही. प्रश्न चांगल्या-वाईटाच्या अलीकडचा आहे.

रोजच्या आयुष्यात मात्र आपल्यावर जास्त राज्य करतो तो ओळखपत्रावरचा फोटो. तिथे कोणी सुंदर दिसायला बसत नाही, पण त्या चौकोनावरून दार उघडतं किंवा बंद होतं. वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना फोटो चिकटवलेलं पासबुक, म्हणजे वावरण्याच्या परवान्याची वही, सतत जवळ बाळगावं लागे. आधी ही सक्ती पुरुषांवर होती. ती बायकांवर आणायचं ठरलं तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियात सरकारी कचेरीवर चालून गेल्या. पुढे या पासांच्या फोटोंसाठी पोलरॉइडची यंत्रणा वापरली जाऊ लागली. हे १९७० मध्ये उघड केलं ते पोलरॉइडच्याच दोन कर्मचाऱ्यांनी. त्यांतली एक कॅरोलिन हंटर, तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ. तिने आणि केन विल्यम्सने कंपनीतच दक्षिण आफ्रिकेच्या खाण विभागाच्या ओळखपत्राचा नमुना पाहिला, पत्रकं काढली, बहिष्काराची हाक दिली. तिची नोकरी गेली. कंपनी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली १९७७ मध्ये. कॅमेरा तोच, झटपट फोटो देणारा, घराघरांत वाढदिवस टिपणारा. कोणाच्या हातात, कशासाठी, एवढाच फरक.

आजचं पासबुक म्हणजे चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली. संगणक-संशोधक जॉय बुओलाम्विनी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत होत्या तेव्हा त्यांचा चेहरा प्रणालीला सापडेना. पांढरा मुखवटा चढवला तेव्हा सापडला. पुढे २०१८ मध्ये त्यांनी टिम्निट गेब्रू यांच्यासह तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. नमुन्याला आफ्रिका आणि युरोपातल्या खासदारांचे फोटो. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगायचं, एवढंच काम. उजळ त्वचेच्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद त्वचेच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. नुसता वर्ण किंवा नुसतं लिंग पाहिलं असतं तर एवढी दरी दिसलीच नसती. क्रेनशॉ यांचा मुद्दा इथे थेट आकड्यांत उतरला. २०२३ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी आठ महिन्यांच्या गरोदर कृष्णवर्णीय बाईला अशाच चुकीच्या जुळणीवरून लुटीच्या आरोपाखाली अटक केली. आरोप मागे घ्यावा लागला. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्रही शेवटी त्वचेतून जाणारा प्रकाशच वाचतं. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन खरोखर उतरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. यंत्राला भेद कसा कळेल, असं तुम्ही विचारलं होतंत. यंत्राला कळत नाही, हीच तक्रार आहे.

इथवर सगळं तंत्राचं झालं. फोटोवर हक्क कोणाचा, हे त्याहून जुनं भांडण आहे आणि माझ्या मते जास्त मोलाचं. १८५० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक लुई आगासिझ यांनी साउथ कॅरोलिनात गुलामीत असलेल्या काही माणसांची छायाचित्रं काढवून घेतली. वंश वेगवेगळे उपजले हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यांत रेंटी नावाचा एक पुरुष होता आणि त्याची मुलगी डेलिया. तिला कमरेपर्यंत उघडी करून कॅमेऱ्यापुढे बसवलं. ते फोटो १९७६ मध्ये विद्यापीठाच्या संग्रहालयात माळ्यावर सापडले आणि पुढे पुस्तकांत, परिषदांत झळकत राहिले. आपण रेंटीच्या वंशज आहोत असं सांगत टमारा लॅनियर यांनी २०१९ मध्ये विद्यापीठावर दावा लावला. २०२५ मध्ये समझोता झाला. हे फोटो साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरातल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. जाता जाता: त्या उघड्या डेलियाचा फोटो ‘वर्णद्वेषाची भीषणता’ दाखवण्यासाठी तुम्ही छापणार असाल, तर छापू नका. तिला एकदा तसं बसवलं ते पुरे झालं.

तिच्यासमोर गुलामीविरोधी आणि स्त्री-हक्क चळवळीतल्या वक्त्या सोजर्नर ट्रुथ यांना ठेवून पाहा. त्या गुलामीत जन्मल्या, न्यूयॉर्क राज्यात. पहिली भाषा डच. १८६० च्या दशकात त्यांनी स्वतःचे फोटो काढवून घेतले: पांढरी शाल, चष्मा, मांडीवर विणकाम, शेजारी पुस्तक. सगळं स्वतः ठरवलेलं, एखाद्या प्रतिष्ठित गृहिणीसारखं. १८६४ मध्ये त्यांचा स्वामित्वहक्क आपल्या नावावर नोंदवला, जेव्हा असे हक्क बहुधा छायाचित्रकाराकडे असत. फोटोखाली छापलं: मी माझी सावली विकते ती देह पोसण्यासाठी. सभांतून ते फोटो विकून त्या प्रवास करत. मात्र आवाजावर त्यांना एवढा ताबा मिळाला नाही. १८५१ मध्ये ॲक्रनच्या स्त्री-हक्क परिषदेत त्यांनी भाषण केलं. त्याच वर्षी वर्तमानपत्रात आलेल्या वृत्तांतात ते साध्या, स्वच्छ भाषेत आहे. बारा वर्षांनी फ्रान्सिस गेज या गोऱ्या कार्यकर्तीने ते आठवणीतून लिहिलं, तेव्हा त्यात दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीचा ढंग घातला आणि ‘मी बाई नाही का?’ हे पालुपद आणलं. ते पालुपद पहिल्या वृत्तांतात नाही. जगाने गेजची आवृत्ती उचलली. चळवळीतल्या, मनाने चांगल्या असलेल्या बाईनेच हे केलं, हे मला विसरता येत नाही.

तेव्हा तुमच्या मुखपृष्ठाबद्दल. छायाचित्रकाराला चाचणीसाठी मॉडेलपैकी सर्वांत गडद वर्णाची निवडायला सांगा आणि तिच्यावर लाइट बसला की मग बाकीच्यांना बोलवा. मेकअपला तिच्या छटेबद्दल दोन दिवस आधी विचारा. छपाईच्या नमुन्यात गडद भाग शाईने बुजतात, म्हणून प्रूफ पडद्यावर पाहून समाधान मानू नका, कागदावर पाहा. फोटोखालच्या ओळीत गोऱ्या बाईचं नाव-हुद्दा आणि काळ्या बाईला नुसतं ‘एक कार्यकर्ती’, हे मी इतक्या वेळा वाचलंय की तेवढी एक तपासणी स्वतः करा. आणि जिचा फोटो आहे तिला तीन-चार फ्रेम दाखवून कोणती आवडते ते विचारा. ती बहुधा तुमच्या निवडीहून कमी नाट्यमय फ्रेम दाखवेल. तीच घ्या.